एका वायफायला लागतो, दुसऱ्याला नाही: लॅपटॉपचं नेमकं कुठं अडतंय ते कसं शोधायचं

घरातले सगळे फोन कनेक्ट होतात, टीव्ही होतो, पाहुण्यांचा लॅपटॉपसुद्धा होतो आणि तुमचाच लॅपटॉप घरच्या वायफायला काही केल्या लागत नाही, पण तोच लॅपटॉप ऑफिसात किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व्यवस्थित चालतो. ही तक्रार हल्ली खूप ऐकू येते, विशेषतः घरी नवीन फायबर कनेक्शन आलं आणि राउटर बदलला की. आणि त्यावर मिळणारे सल्ले काय, तर विंडोज फॉरमॅट मारा, वायफाय कार्ड (लॅपटॉपमधला वायफाय पकडणारा भाग) उडालंय, मदरबोर्ड बघावा लागेल. यातलं बहुतेक वेळा काहीच लागत नाही, फुकट पैसे जातात आणि डेटापण जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. जे पहिल्यांदाच या भानगडीत पडतायत त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे जाणकारांना काही गोष्टी माहीत असतील.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लॅपटॉप एका तरी वायफायला नीट लागतोय ना? मग कार्ड जिवंत आहे, विंडोजपण बऱ्यापैकी ठीक आहे. मग शोधायचं एवढंच की जे नेटवर्क चालतंय आणि जे चालत नाहीये त्या दोघांत फरक काय आहे. बँड (रेडिओ लहरींचा पट्टा) वेगळा आहे, सिक्युरिटी वेगळी आहे, चॅनल (त्या पट्ट्यातली एक गल्ली) वेगळा आहे, का लॅपटॉपमध्ये जुन्या जागेचं काही सेटिंग अडकून राहिलंय. हा फरक सापडला की काम पाच मिनिटांचं असतं.

हात घालण्याआधी

लॅपटॉप रीस्टार्ट करा, आणि रीस्टार्टच करा, शट डाउन करून परत चालू करू नका, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून चालू असते आणि त्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, ड्रायव्हरची (कार्ड आणि विंडोज यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची) अर्धवट अवस्था तशीच साठवून ठेवतं. रीस्टार्टने खरोखर सगळं नव्याने सुरू होतं. राउटरचापण स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.

दुसरं, पुढे ड्रायव्हर वगैरे डाउनलोड करायला इंटरनेट लागणार आणि वायफायच तर चालत नाहीये, मग काय? अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा (केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगवाली नको) आणि फोनच्या हॉटस्पॉट अँड टिदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टिदरिंग चालू करा. लॅपटॉपला केबलमधून नेट मिळतं, वायफायचा संबंधच येत नाही. ही सोय कित्येकांना माहीतच नसते आणि ते बिचारे पेन ड्राइव्ह घेऊन सायबर कॅफेत जातात.

आता बघा की अडतंय नेमकं कुठल्या पायरीवर. नेटवर्कचं नाव यादीत दिसतच नाही? नाव दिसतं पण कनेक्ट करताना नाही म्हणतं? का कनेक्टेड दाखवतं पण इंटरनेट नाही? या तिघांची कारणं पूर्ण वेगळी आहेत, त्यामुळे आपली पायरी कुठली ते ओळखा आणि तिथलं आधी वाचा.

नावच दिसत नाही

बाकी सगळ्यांची वायफाय दिसतायत, अगदी समोरच्या बिल्डिंगमधली, आणि आपल्याच हॉलमधला राउटर दिसत नाही. अशा वेळी पहिला संशय बँडवर घ्यायचा. घरचे राउटर दोन बँडवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो पण स्पीड कमी, ५ वर स्पीड भरपूर पण पोच कमी. साधारण दहा वर्षांपूर्वीचे बरेचसे स्वस्त आणि मधल्या किमतीचे लॅपटॉप फक्त २.४ वाले कार्ड घालून विकले गेलेत, प्रोसेसर आय५ असला तरी. त्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसणं शक्यच नाही, कितीही ड्रायव्हर टाका.

आपलं कार्ड कुठलं ते असं बघायचं. स्टार्टमध्ये सीएमडी असं टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा, आणि तिथे इंग्रजी छोट्या अक्षरांत चार शब्द, प्रत्येकात एक स्पेस देऊन टाइप करा: नेटएसएच (एन, ई, टी, एस, एच), डब्ल्यूलॅन (डब्ल्यू, एल, ए, एन), शो, ड्रायव्हर्स. एंटर मारा. लांबलचक माहिती येईल, त्यात रेडिओ टाइप्स सपोर्टेड अशी एक ओळ असते. त्या ओळीत ८०२.११ च्या पुढे फक्त बी, जी, एन एवढीच अक्षरं असतील तर कार्ड फक्त २.४ चं आहे असं धरून चाला. यादीत ए हे सुटं अक्षर किंवा एसी असेल तर ५ गिगाहर्ट्झ चालतं. एएक्स असेल तर कार्ड वायफाय ६ चं, म्हणजे नवीनच आहे. ही स्क्रीन बंद करू नका, किंवा फोटो काढून ठेवा, सिक्युरिटीच्या वेळी परत लागणार आहे.

कार्ड २.४ चंच निघालं तर राउटरचा २.४ बँड चालू आहे का ते बघायचं. कधीकधी कनेक्शन बसवायला आलेला मुलगा फक्त ५ चालू ठेवतो, किंवा दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असतं आणि राउटर स्वतःच ठरवतो कोणाला कुठे बसवायचं, त्यात जुन्या कार्डाची फरपट होते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि लॅपटॉप २.४ वाल्याला लावा. सेटिंगचं पान कुठल्या पत्त्यावर उघडतं ते राउटरच्या खाली किंवा मागे स्टिकरवर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा १९२.१६८.१.१, जिओफायबरला १९२.१६८.२९.१. ब्राउझरमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.

कार्डाला ५ चालतंय, तरी दिसत नाही? मग चॅनल बघा. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे जे मधले चॅनल आहेत ते रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्यामुळे राउटरला तिथे सुरू होण्याआधी निदान एक मिनिट ऐकत थांबावं लागतं आणि रडार सापडलं तर चॅनल सोडून जावं लागतं. काही कार्डं आणि स्वस्त डोंगल (यूएसबीला लावायची बाहेरची कार्डं) या चॅनलकडे बघतच नाहीत. राउटर ऑटोवर असेल तर तो आज ४४ वर असतो, उद्या १०० वर, आणि मग लोक म्हणतात की काल तर चालत होतं! राउटरमध्ये चॅनल हाताने ३६, ४०, ४४ किंवा ४८ यातला एक ठेवा. १४९ ते १६१ मधला ठेवलात तरी चालेल.

२.४ मध्येपण अशीच एक गंमत आहे. भारतात १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत १ ते ११ पर्यंतच. अमेरिकेतून कोणी भाऊ-बहिणीने आणून दिलेला लॅपटॉप असेल आणि त्याचं कार्ड तिकडच्या नियमांवर सेट असेल तर १२ आणि १३ वरचं नेटवर्क त्याला दिसत नाही. इथल्या राउटरने ऑटोमध्ये १३ निवडला की ते वायफाय त्या एका लॅपटॉपवरून गायब. उपाय अगदी सोपा, २.४ चा चॅनल कायमचा १, ६ किंवा ११ करून टाका, आणि चॅनल विड्थ २० मेगाहर्ट्झ ठेवा, फ्लॅटमध्ये आजूबाजूला पंधरावीस राउटर असतात तिथे ४० ठेवून फायदा काहीच होत नाही, नुसती गर्दी वाढते.

राउटर कुठल्या चॅनलवर आहे ते अँड्रॉइडवरच्या कुठल्याही वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये दिसतं.

आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण यात चांगली कार्डं बदलायला सांगितली जातात. नवा राउटर वायफाय ६ चा आहे आणि लॅपटॉपमध्ये इंटेलचं जुनं पण चांगलं दोन्ही बँडवालं कार्ड आहे, उदाहरणार्थ ३१६०, ३१६५, ७२६०, ७२६५, ८२६०. या कार्डांचे जुने ड्रायव्हर वायफाय ६ च्या राउटरची घोषणा समजूच शकत नाहीत आणि ते नेटवर्क यादीतून वगळतात. म्हणजे कार्डात दम आहे, नेटवर्क समोर आहे, आणि मध्ये ड्रायव्हर आंधळा. इंटेलने नंतरच्या ड्रायव्हरमध्ये हे दुरुस्त केलंय. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये कार्डाचं नाव बघा, प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर तारीख बघा. तारीख २०१५-१६ ची असेल तर संशय खरा धरा आणि इंटेलच्या किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकून, नवीन ड्रायव्हर घ्या. डिव्हाइस मॅनेजरमधलं अपडेट ड्रायव्हर दाबून विंडोज म्हणतं की सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच आहे, त्याच्यावर विसंबू नका. आणि ड्रायव्हर फुकट देणारी ती सतरा प्रकारची सॉफ्टवेअरं तर अजिबात टाकू नका. ड्रायव्हर मिळेपर्यंत राउटरमध्ये ८०२.११एएक्स मोड बंद करून बघा, लगेच नाव दिसायला लागलं तर निदान पक्कं झालं.

हिडन, म्हणजे नाव लपवून ठेवलेलं नेटवर्क असेल तर ते दिसणारच नाही, यादीच्या शेवटी हिडन नेटवर्क वर क्लिक करून नाव अचूक टाका, झालं.

नाव दिसतं, पण कनेक्ट होत नाही

कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क एवढंच लिहून येतं आणि कारण काहीच सांगत नाही. इथे आधी फरगेट करा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, तिथे त्या नावापुढे फरगेट. विंडोज नेटवर्कच्या नावासोबत जुना पासवर्ड आणि जुनी सिक्युरिटी लक्षात ठेवतं, आणि नवीन राउटरला जुन्याच राउटरचं नाव दिलं असेल (सगळे तसंच करतात, फोन परत जोडायला नकोत म्हणून) तर लॅपटॉप जुन्या पद्धतीनेच दार वाजवत बसतो.

पासवर्ड टाकताना शेजारच्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून काय टाइप होतंय ते बघा. आपल्याकडे कित्येकांच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्डपण टाकलेला असतो, तो चालू राहिला की ठिपक्यांच्या आड देवनागरी अक्षरं जात असतात आणि माणूस शपथेवर सांगतो की पासवर्ड बरोबर आहे. विंडोज की आणि स्पेस दाबून इंग्रजी करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेल्या पासवर्डच्या शेवटी एक स्पेस चिकटून येते, तीपण बघा. अँड्रॉइड १० च्या पुढच्या फोनवर वायफाय शेअर केलं की क्यूआर कोडच्या खाली पासवर्ड लिहिलेला दिसतो, तिथून ताडून घ्या.

पासवर्ड बरोबर आहे तरी होत नाही, तर मग डब्ल्यूपीए३. घरगुती वायफायची सिक्युरिटी बरीच वर्षं डब्ल्यूपीए२ होती, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं आणि आता नवे राउटर आणि फोनचे हॉटस्पॉट त्याच्यावर यायला लागलेत. विंडोज १० मध्ये १९०३ या आवृत्तीपासून त्याची सोय आहे, विंडोज ७ मध्ये नाही. पण नुसतं विंडोज नवीन असून भागत नाही, कार्ड आणि ड्रायव्हरलापण ते यायला हवं. मघाच्या स्क्रीनवर ऑथेंटिकेशन अँड सायफर अशी यादी आहे, तिच्यात डब्ल्यूपीए३-पर्सनल नसेल तर तुमचा लॅपटॉप डब्ल्यूपीए३ वाल्या नेटवर्कला लागणार नाही.

उपाय राउटरवर आहे. सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, तो निवडा. काही जुनी कार्डं मिक्स्डवरही अडकतात कारण डब्ल्यूपीए३ सोबत पीएमएफ नावाचं एक संरक्षण येतं ते त्यांना झेपत नाही. राउटरमध्ये पीएमएफ वेगळं दिसत असेल तर रिक्वायर्ड असलेलं ऑप्शनल किंवा केपेबल करा. पण माझ्या मते सगळ्यात बरा मार्ग म्हणजे गेस्ट नेटवर्क: राउटरमध्ये एक वेगळं गेस्ट वायफाय चालू करा, २.४ वर, डब्ल्यूपीए२ एईएस (एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत), चांगला लांब पासवर्ड, आणि जुना लॅपटॉप त्याला लावा. एका जुन्या मशीनसाठी अख्ख्या घराची सिक्युरिटी खाली आणावी लागत नाही. गेस्टवरून घरातला वायफाय प्रिंटर सहसा दिसत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

एक काम मात्र करू नका. जुना लॅपटॉप चालावा म्हणून वायफाय ओपन ठेवणं, डब्ल्यूईपी ही फार जुनी सिक्युरिटी लावणं किंवा एईएसऐवजी टीकेआयपी ही जुनी एन्क्रिप्शनची पद्धत निवडणं. डब्ल्यूईपी मिनिटांत फुटतं, आणि टीकेआयपी निवडलं की वायफायचा वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो कारण एन आणि पुढचे मोड त्याच्यासोबत चालतच नाहीत. कुठे जुना राउटर अजून टीकेआयपीवर असेल तर ते बदलून एईएस करा.

मोबाइल हॉटस्पॉटचं थोडं वेगळं. आयफोन १२ आणि पुढच्यांमध्ये पर्सनल हॉटस्पॉटच्या पानावर मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी असं बटण आहे, ते चालू केलं की हॉटस्पॉट २.४ वर येतो आणि जुन्या लॅपटॉपला दिसायला लागतो. कनेक्ट होईपर्यंत ते पान फोनवर उघडंच ठेवा. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड आणि सिक्युरिटी दोन्ही बदलता येतात, २.४ आणि डब्ल्यूपीए२ करा. आणि नाव साधं इंग्रजीत ठेवा. देवनागरी नाव हौसेने ठेवतो आपण, पण वायफायच्या नावाला ३२ बाइट्सचीच जागा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, अक्षर काय आणि काना-मात्रा काय, ३ बाइट खातं, म्हणजे दहाच चिन्हं बसतात, शिवाय जुने ड्रायव्हर असल्या नावांवर कधीकधी अडखळतात.

एवढं करून फक्त तुमच्याच मशीनला नकार येत असेल तर राउटरमध्ये मॅक फिल्टर (मॅक म्हणजे प्रत्येक वायफाय कार्डाचा स्वतःचा पत्ता) आहे का विचारा. सोसायटीचं ऑफिस, छोटी दुकानं, क्लासेस इथे हे लावलेलं असतं, ज्या मशीनचा पत्ता नोंदवलाय तेवढीच आत येतात. आणि तुमच्या विंडोजमध्ये रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस चालू असेल तर नोंदवलेला पत्ता आणि प्रत्यक्ष दाखवला जाणारा पत्ता वेगळा पडतो. त्या नेटवर्कपुरतं ते बंद करा.

कॉलेज आणि मोठ्या ऑफिसांचं वायफाय

हे घरच्यासारखं नसतं. इथे एक पासवर्ड सगळ्यांना नसून प्रत्येकाचं युजरनेम आणि पासवर्ड असतं, त्याला डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ म्हणतात. हॉस्टेलवर नव्याने आलेल्या मुलांचा पहिला आठवडा यातच जातो. फोनवर लागतं आणि लॅपटॉपवर नाही, असं झालं की पहिल्यांदा लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ आणि तारीख बघा. खरंच सांगतो. हे नेटवर्क सर्टिफिकेट दाखवून स्वतःची ओळख पटवतं, आणि लॅपटॉपची तारीख चुकीची असेल तर त्याला ते सर्टिफिकेट मुदत संपलेलं किंवा अजून सुरूच न झालेलं वाटतं आणि तो मुकाट्याने नकार देतो. त्याच लॅपटॉपवर हॉटस्पॉट मात्र कनेक्ट होतो कारण तिथे तारखेचा प्रश्नच येत नाही. तारीख परत परत मागे जात असेल तर बहुतेक आतला बटण सेल संपलाय, बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो, घड्याळजीकडेही मिळतो, फक्त लॅपटॉपमधला बऱ्याचदा वायर आणि छोटा प्लग लावलेला असतो, त्यामुळे जुना दाखवून तसाच घ्या.

तारीख बरोबर असेल तर मग युजरनेम. भारतात अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कमार्फत चालणारं एज्युरोम हे शिक्षणसंस्थांचं सामायिक वायफाय ज्या संस्थांमध्ये आहे, जसं आयआयटी बॉम्बे, तिथे नुसतं युजरनेम टाकून चालत नाही, पुढे अ‍ॅटचं चिन्ह आणि संस्थेचा डोमेन सगळं टाकावं लागतं. एज्युरोमची खासियत ही की एका संस्थेचा लॉगिन शंभराहून जास्त देशांतल्या कॅम्पसवर चालतो, पण सेटिंग आपल्या कॅम्पसवरच पूर्ण करून एकदा जोडून बघा आणि मग प्रवासाला निघा, परदेशात पोचल्यावर तिथल्या आयटीवाल्याला तुमच्या संस्थेचं सेटिंग दुरुस्त करता येत नाही. हाताने सेटिंग भरण्यापेक्षा एज्युरोम कॅट या साइटवरून आपल्या संस्थेचा इन्स्टॉलर घेतला तर सर्टिफिकेटसकट सगळं बसतं.

सीनियर मुलं सांगतात की सर्टिफिकेट तपासणीची टिक काढून टाक, लगेच लागतं. लागतं खरं. पण मग त्याच नावाचं खोटं वायफाय कोणी शेजारच्या खोलीत उभं केलं तर तुमचा लॅपटॉप त्यालाही लॉगिन द्यायला तयार होतो, आणि तोच पासवर्ड तुमच्या कॉलेजच्या ईमेलला आणि निकालाच्या पोर्टललापण असतो. टिक काढू नका, आयटीकडून योग्य सर्टिफिकेट घ्या.

कनेक्टेड आहे, इंटरनेट नाही

इथे वायफायचं काम झालेलंय, पुढचं अडलंय. ऑफिसात चालतो आणि घरी नाही (किंवा उलट) याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ऑफिसच्या आयटीवाल्याने कधीतरी हाताने टाकलेला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा नंबर). तो त्या ऑफिसपुरता बरोबर होता, घरच्या राउटरचा हिशोबच वेगळा. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी असाइनमेंट बघा, मॅन्युअल असेल तर एडिट करून ऑटोमॅटिक डीएचसीपी करा, म्हणजे राउटर स्वतःच पत्ता देईल. आधीचे आकडे लिहून ठेवा, ऑफिसात परत लागतील. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) असाइनमेंटपण ऑटोमॅटिक. मग प्रॉक्सी, म्हणजे ज्याच्यामार्फत नेट जातं तो मधला सर्व्हर: सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी, तिथे मॅन्युअल प्रॉक्सी चालू राहिला असेल तर बंद करा. व्हीपीएन असेल तर डिस्कनेक्ट करून बघा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर समजा की राउटरने पत्ताच दिला नाही, विंडोजने स्वतःच एक तात्पुरता घेतलाय. राउटर रीस्टार्ट करा, आणि क्लास किंवा हॉस्टेलसारख्या ठिकाणी असाल तर शक्यता ही की वाटायचे पत्तेच संपलेत, तिथे तुमच्या हातात काही नाही, चालकाला सांगा.

स्टेशन, विमानतळ, हॉटेल इथे लॉगिनचं पान उघडावं लागतं. उदाहरणार्थ रेल्वे स्टेशनांवरचं रेलवायर वायफाय, २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली ही सेवा आता देशभरातल्या स्टेशनांवर आहे, मोबाइल नंबर टाकून ओटीपी घ्यायचा आणि रोजची पहिली ३० मिनिटं फुकट. आता लॅपटॉपवर ते पान येतच नाही अशी तक्रार असते. कारण असं की हे पान दाखवण्यासाठी नेटवर्क तुमची पहिली मागणी मध्येच वळवतं, आणि तुम्ही डीएनएसमध्ये गुगलचा ८.८.८.८ टाकून ठेवला असेल किंवा व्हीपीएन आपोआप सुरू होत असेल तर ते वळवणं जमत नाही. दोन्ही बंद करा आणि ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. ही साइट मुद्दाम एन्क्रिप्शनशिवाय ठेवलेली आहे, त्यामुळे लॉगिनचं पान हमखास समोर येतं.

तरीही नाही जमलं तर

विंडोजला स्वतःलाच विचारा. मघासारखाच कमांड प्रॉम्प्ट, पण यावेळी रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि तेच चार शब्द, फक्त शेवटच्या ड्रायव्हर्सच्या जागी डब्ल्यूलॅनरिपोर्ट असा एक जोडशब्द. ब्राउझरमध्ये उघडता येईल असा रिपोर्ट बनतो आणि कुठे ठेवलाय तो पत्ता तिथेच लिहून येतो. त्यात गेल्या तीन दिवसांतले सगळे प्रयत्न आणि लाल खुणेजवळ अपयशाचं कारण असतं. कुठल्या नेटवर्कवर, किती वाजता, कुठल्या पायरीला फिसकटलं ते दिसतं. आयटीवाल्याकडे किंवा कनेक्शनवाल्याकडे जाताना हा रिपोर्ट आणि कार्डाचं नाव घेऊन जा, नेट चालत नाही एवढंच सांगण्यापेक्षा दहापट लवकर काम होतं.

विंडोजच्या अपडेटनंतरच हे सुरू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक ड्रायव्हर करून बघा. आणि अगदी शेवटी नेटवर्क रीसेट, विंडोज ११ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये, १० मध्ये स्टेटसच्या पानावर तळाशी. याने साठवलेली सगळी वायफाय आणि त्यांचे पासवर्ड जातात, व्हीपीएनपण परत टाकावं लागू शकतं, म्हणून आधी पासवर्ड लिहून घ्या. फॉरमॅटपर्यंत जायची गरज मात्र या प्रकारच्या तक्रारीत क्वचितच पडते.

लॅपटॉप नुकताच उघडून दुरुस्त केला असेल आणि आता फक्त अगदी जवळच्या राउटरला लागत असेल, पलीकडच्या खोलीत गेलं की नाव गायब, तर तो सेटिंगचा मामला नाही. कार्डावर दोन बारीक वायरी, बहुतेक एक काळी एक पांढरी किंवा राखाडी, छोट्या गोल पितळी टोपीने दाबून बसवलेल्या असतात, त्या अँटेनाच्या. बॅटरी किंवा पंखा बदलताना एखादी निसटते. परत त्याच दुकानात नेऊन बसवून घ्या, टिचकीचा आवाज येईपर्यंत दाबली की बसते.

कार्ड खरंच जुनं, २.४ वालंच असेल आणि तुम्हाला ५ हवंच असेल तर सोपा मार्ग दोन्ही बँडवालं यूएसबी डोंगल. घेताना ड्युअल बँड असं स्पष्ट लिहिलंय का बघा, नुसतं १५० किंवा ३०० एमबीपीएस लिहिलेलं बहुधा २.४ चंच असतं. आतलं कार्डच बदलायचं असेल तर आधी दोन गोष्टी तपासा: जुन्या काही लेनोव्हो आणि एचपी मॉडेलमध्ये बायोस (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डंच स्वीकारतो, दुसरं घातलं तर मशीन सुरूच होत नाही, आणि इंटेलच्या एएक्स२०० किंवा एएक्स२१० ऐवजी चुकून एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊ नका, ती दिसायला सारखीच पण ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्येच चालतात. डोंगल २.४ वर वापरणार असाल तर ते यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून लावू नका, चालू हार्ड डिस्कमधून आणि तिच्या केबलमधून २.४ च्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो आणि मोठी फाइल कॉपी करताना वायफाय तुटतं. दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, नाहीतर वीतभर एक्स्टेंशन केबलने डोंगल बाजूला घ्या.